‘टर्न अप’ म्हणजे नुसतं ‘पोहोचणे’ नव्हे



आज एका छोट्या इंग्रजी जोडीबद्दल बोलू या. ती जोडी म्हणजे ‘टर्न अप’. गोष्टीच्या पुस्तकात, संवादाच्या धड्यात, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ती सतत भेटते. आपण शब्दार्थाच्या वहीत तिच्यापुढे ‘= पोहोचणे, येणे’ असं लिहून देतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. मीही कितीतरी वर्षं असंच करत होतो.

मग एका वर्षी स्नेहसंमेलनात सातवीची एक मुलगी इंग्रजीतून सूत्रसंचालन करत होती. आठ दिवस घरी आरशासमोर उभं राहून तिने तयारी केली होती. पाहुणे मंडपात शिरले आणि तिने माईकवर खणखणीत आवाजात सांगितलं, “आवर चीफ गेस्ट हॅज टर्न्ड अप!” पाहुण्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. ते हसले. रागावले नाहीत, पण हसले. त्यांच्या शेजारचेही दोघे हसले. मुलीच्या ते लक्षात आलं. पुढचं सगळं तिने कागदात बघून, खालच्या आवाजात वाचलं.

कार्यक्रम संपल्यावर तिने मला विचारलं, “सर, कामून हसले ते? माझं चुकलं का?”

तिचं व्याकरण चुकलं नव्हतं. काळ बरोबर होता, ‘हॅज’ बरोबर होतं, उच्चारही चांगला होता. तिने वही उघडून दाखवली. त्यात मीच फळ्यावर लिहून दिलेलं होतं: टर्न अप = पोहोचणे. चूक त्या बरोबरच्या चिन्हात होती आणि ते चिन्ह माझं होतं. तिला म्हणायचं होतं, “आपले प्रमुख पाहुणे आले आहेत.” पाहुण्यांना मात्र ऐकू आलं, “आपले पाहुणे उगवले एकदाचे!”

त्या दिवसापासून मी हा शब्द वेगळ्या रीतीने शिकवतो. तीच रीत आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी एक दिलासा

क्रियापदाला अप, आऊट, इन, ऑफ असा लहान शब्द जोडून नवाच अर्थ तयार होतो. अशा जोडीला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. या जोड्या आपल्याच लेकरांना जड जातात असं नाही. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यांत जास्त अडचण याच जोड्यांची होते, हे त्यांनी तेव्हाच प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ व्हायला पुढे आणखी पावणेदोनशे वर्षं गेली. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी हे नाव सुचवल्याचंही त्यांनी तिथेच सांगितलं.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी आठवी-नववीच्या मुलासमोर अशी जोडी आली की ते अडखळतं. ते शब्द फोडून बघतं. टर्न म्हणजे वळणे, अप म्हणजे वर. मग ‘ही टर्न्ड अप’ म्हणजे ‘तो वर वळला’? मूल स्वतःच हसतं आणि त्याला वाटतं, इंग्रजीला काही धरबंधच नाही.

धरबंध आहे. आणि तो कळायला मराठीचीच मदत होते.

मराठीतला ‘टर्न’: फिरकणे

वर्गात मी एक प्रश्न विचारतो. “काल बोलावलं होतं, पण तो आलाच नाही. हे थोडं रागाने कसं सांगाल?” दोन-तीन मुलं तरी लगेच म्हणतात, “सर, तो इकडं फिरकलाच नाही!”

मग मी ‘फिरकला’ फळ्यावर लिहितो आणि त्यातल्या ‘फिर’खाली रेघ ओढतो. फिरणे म्हणजे वळणे, म्हणजेच टर्न. येण्या-न येण्याची गोष्ट सांगायला इंग्रजीने ‘वळणे’ हे क्रियापद घेतलं आणि आपणही ‘फिरणे’च्याच घरातला शब्द घेतला. ‘ही डिड नॉट टर्न अप’ म्हणजे ‘तो फिरकलाच नाही’. इतकं जवळचं भाषांतर क्वचितच सापडतं. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. जे वेडंवाकडं वाटत होतं, तेच आपण घरी रोज बोलतो.

एक फरक मात्र सांगायचा. ‘फिरकणे’ आपण बहुतेक वेळा नकारातच वापरतो. ‘तो फिरकला नाही’ म्हणतो, ‘तो काल फिरकला’ असं सहसा म्हणत नाही. ‘टर्न अप’ होकारातही चालतं. त्यासाठी मराठीतले दुसरे शब्द शोधावे लागतात.

आणि ‘अप’चं काम काय?

शो अप, पॉप अप, क्रॉप अप, कम अप अशा जोड्या फळ्यावर एकाखाली एक लिहा. सगळ्यांत एक गोष्ट समान दिसेल: जे समोर नव्हतं, ते समोर आलं. म्हणजे इथे ‘अप’ म्हणजे जिना चढून वर नव्हे. जमिनीतून कोंब वर येतो, झाकलेलं दिसायला लागतं, ते ‘वर’.

आपण हेच ‘उगवणे’ या शब्दाने करतो. सूर्य उगवतो, बी उगवतं, आणि दहा वाजता शाळेत आलेल्या पोराला आपण विचारतो, “आत्ता उगवलास होय?” जुनं प्रकरण ‘वर येतं’. म्हणजे ‘वर’ आणि ‘दिसू लागणे’ यांचं नातं आपल्याही भाषेत आहे.

शो अपला तर आपल्याकडे थेट जोडीदार आहे. शो म्हणजे दाखवणे. “चार दिवस झाले, तोंडसुद्धा दाखवलं नाही” म्हणजेच ‘ही डिड नॉट शो अप’. अर्थाने शो अप आणि टर्न अप जवळजवळ सारखेच. अमेरिकेत शो अप जास्त ऐकू येतं, ब्रिटनमध्ये टर्न अप.

येण्याचा रंग कोणता?

आता मूळ मुद्दा. ‘टर्न अप’मध्ये ‘येणे’ आहेच, पण त्याबरोबर बोलणाऱ्याच्या मनातलं काहीतरीही आहे. येणार की नाही याची खात्री नव्हती, किंवा येईल असं वाटलं नव्हतं, किंवा वेळ टळून गेली होती. तीन वाक्यं बघा.

‘ही टर्न्ड अप ॲट मिडनाइट.’ मध्यरात्री येऊन धडकला.

‘शी टर्न्ड अप ॲन आवर लेट.’ तासभर उशिरा उगवली.

‘माय अंकल टर्न्ड अप विथ अ बॉक्स ऑफ पेढे.’ काका अचानक पेढ्यांचा पुडा घेऊन दारात दत्त म्हणून उभे!

तिसरं वाक्य मुद्दाम दिलं आहे. टर्न अप म्हणजे प्रत्येक वेळी टोमणा, असं मुलांच्या मनात बसायला नको. ‘टपकणे’ आणि ‘उपटणे’ हे आपले शब्द जास्त तिखट आहेत. “नेमका जेवायच्या वेळी टपकला” किंवा “हा कुठून उपटला आता?” म्हणताना कपाळाला आठी असते. टर्न अप तेवढं तिखट नाही. आनंदाचा धक्का असला तरी ते चालतं. ‘अचानक हजर’ आणि ‘दत्त म्हणून उभा’ हे त्याचे चांगले शेजारी.

पण ज्यांना आपण रीतसर बोलावलं, ज्यांची वाट बघत दारात रांगोळी काढून उभे राहिलो, त्यांच्याबद्दल समारंभात टर्न अप म्हणू नये. तिथे ‘अवर चीफ गेस्ट हॅज अराइव्ह्ड’. आपणही पाहुण्यांबद्दल ‘आगमन झाले आहे’ म्हणतो, ‘टपकले आहेत’ म्हणत नाही. माझ्या विद्यार्थिनीला फक्त एवढाच फरक कुणी सांगितला नव्हता.

लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचं उदाहरण

हा फरक पटवायला मी आपल्याच भागातली एक गोष्ट घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याच्या पाण्याची भीषण टंचाई होती. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला आली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. सारं शहर त्या गाडीकडे डोळे लावून बसलं होतं.

ही बातमी इंग्रजीत लिहायची तर क्रियापद कोणतं घ्यायचं? हा प्रश्न वर्गात टाका आणि मुलांना भांडू द्या.

‘द ट्रेन अराइव्ह्ड इन लातूर.’ छान. बातमीला शोभणारं वाक्य. मराठीत ‘दाखल झाली’.

‘द ट्रेन रीच्ड लातूर.’ हेही बरोबर. इतक्या लांबून एकदाची पोहोचली, असा भाव.

‘द ट्रेन पुल्ड इन.’ गाडी हळूहळू फलाटाला लागली. डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं.

‘द ट्रेन गॉट इन ॲट फाइव्ह.’ वेळापत्रकाच्या बोलण्यातलं रूप. परभणी स्टेशनावर कुणी विचारलं, “व्हॉट टाइम डज द देवगिरी गेट इन?” तर ते अगदी सहज वाटतं.

‘द ट्रेन टर्न्ड अप.’ आणि इथे खटकतं. व्याकरण चुकलं म्हणून नाही. अख्खं शहर जिची वाट बघत होतं, ती गाडी अशी ‘उगवली’ म्हणणं त्या लोकांच्या तहानेला शोभत नाही. तेच झरीला रस्त्यावर तासभर उभा राहिलेला माणूस जिंतूरकडे जाणाऱ्या एसटीबद्दल म्हणाला, ‘द बस फायनली टर्न्ड अप’, तर अगदी फिट्ट. “आली बाई एकदाची!” हाच सूर.

आली ती दोन्हीकडे गाडीच. पण आपण तिच्याकडे कसं बघतो, ते क्रियापद सांगतं.

वाक्य कसं बांधायचं?

इथे चुका ठरलेल्या असतात. म्हणून नियम थोडक्यात देतो.

१. टर्न अपला या अर्थाने कर्म लागत नाही. ‘ही टर्न्ड अप द स्कूल’ चूक. ‘ही टर्न्ड अप ॲट द स्कूल’ बरोबर.

२. ठिकाण सांगायचं तर ‘ॲट’. कार्यक्रम किंवा काम सांगायचं तर ‘फॉर’. ‘टर्न्ड अप ॲट माय हाउस’, ‘टर्न्ड अप फॉर द मीटिंग’, ‘टर्न्ड अप फॉर वर्क’.

३. कसा आला, कधी आला, ते शेवटी येतं: ‘टर्न्ड अप लेट’, ‘टर्न्ड अप अलोन’, ‘टर्न्ड अप विदाउट अ पेन’. परीक्षेला पेन न आणणाऱ्यासाठी हे शेवटचं वाक्य वर्गात दर आठवड्याला कामी येतं!

४. या अर्थाने जोडी फोडता येत नाही. ‘टर्न्ड ही अप’ असं काही होत नाही. (आवाज वाढवण्याच्या अर्थाने फोडता येते. ते पुढे बघू.)

५. रीच या शब्दापुढे टू किंवा ॲट नको. ‘आय रीच्ड टू स्कूल’ ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे. मराठीत ‘शाळेला पोहोचलो’, ‘शाळेत पोहोचलो’ असा प्रत्यय लागतो, म्हणून मूल इंग्रजीतही काहीतरी जोडतं. ‘आय रीच्ड स्कूल’ एवढंच पुरे.

६. अराइव्हपुढे मात्र शब्द लागतो. शाळा, स्टेशन, बसस्टँड अशा ठिकाणांना ‘ॲट’. शहर, राज्य, देश यांना ‘इन’. ‘अराइव्ह्ड ॲट द स्टेशन’, ‘अराइव्ह्ड इन परभणी’. फक्त ‘अराइव्ह्ड होम’मध्ये काहीच नको.

ऐकण्याची एक गंमतही सांगा. बोलताना ‘टर्न्ड’मधला शेवटचा ड पुढच्या ‘अप’ला चिकटतो आणि ‘टर्नडप’ असं ऐकू येतं. वहीत शब्द ओळखणारं मूल टीव्हीवर तोच शब्द ओळखत नाही, त्याचं हे एक कारण. चार वेळा एका दमात म्हणून घ्या.

नकार जपून वापरायचा शब्द आहे

या धड्यातला हा भाग मला एका मुलाच्या रिकाम्या जागेने शिकवला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली होती. मी सराव म्हणून सांगितलं, “आज वर्गात कोण कोण आलं नाही, त्यावर टर्न अप वापरून वाक्यं लिहा.” एका मुलीने तिच्या बाकावरच्या जोडीदाराबद्दल वाक्य लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, “सर, ‘फिरकला नाही’ असं त्याला कसं म्हणू? तो आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलाय. त्याला यायचं होतं.”

मी गप्पच झालो. तिने शब्द माझ्यापेक्षा नीट ऐकला होता.

‘ही वॉज ॲबसेंट’ म्हणजे तो हजर नव्हता, इतकीच नोंद. ‘ही डिड नॉट टर्न अप’ म्हणजे यायला हवा होता, आपण धरून चाललो होतो, आणि तो आला नाही. त्यात तक्रारीचा किंवा निदान अपेक्षाभंगाचा वास येतो. ‘ही कुड नॉट कम’ म्हणजे त्याला येता आलं नाही. रिकामी जागा एकच, पण तीन वाक्यांत तीन वेगळी माणसं दिसतात.

मराठवाड्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे कितीतरी कुटुंबं साखर कारखान्यांच्या भागात जातात. त्यांची लेकरं मार्च-एप्रिलपर्यंत कधी कोपीवर, कधी आजीजवळ गावातच. त्यांच्या नावापुढे आपण कोणतं वाक्य लिहितो, हा प्रश्न इंग्रजीच्या तासापुरता राहत नाही. तेव्हापासून मी नकाराचा धडा या तीन वाक्यांनीच सुरू करतो. जो ऊसतोडीला गेला त्याच्यासाठी ‘कुड नॉट कम’. जो नदीवर पोहायला गेला त्याच्यासाठी खुशाल ‘डिड नॉट टर्न अप’!

हरवलेली वस्तू आणि ‘निघणे’

टर्न अपचा दुसरा मोठा अर्थ: हरवलेलं अचानक मिळणे. ‘माय की टर्न्ड अप अंडर द पिलो.’ शोधून शोधून थकलो आणि भलत्याच वेळी किल्ली उशीखाली निघाली.

बघा, मी सहज ‘निघाली’ लिहून गेलो. मराठीत ‘निघणे’ म्हणजे खरं तर जायला सुरुवात करणे. “मी निघतो आता.” पण तेच क्रियापद किती कामं करतं! किल्ली उशीखाली निघाली. तलाठ्याची जागा निघाली. विहिरीला पाणी निघालं. आंबा नासका निघाला. पोरगं हुशार निघालं. यात कुणीही कुठे जायला निघालेलं नाही.

‘टर्न’चे अर्थ पाठ होत नाहीत म्हणून मूल रडकुंडीला आलं, तर त्याला ही पाच वाक्यं म्हणायला लावा. मग विचारा, “निघणे म्हणजे काय, एका शब्दात सांग.” त्याला सांगता येणार नाही. तरी ते पाचही वाक्यं बरोबर वापरतं. कारण ते त्याने वाक्यांतून आणि प्रसंगांतून घेतलेत, वहीतल्या बरोबरच्या चिन्हातून नाही. इंग्रजीही तशीच घ्यायची आहे.

नोकरी, संधी, काम ‘निघणे’ हाही टर्न अपचाच अर्थ. ‘समथिंग विल टर्न अप’ म्हणजे ‘निघेल काहीतरी, होईल सोय’. चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९-५०) या कादंबरीत मिकॉबर नावाचं एक पात्र आहे. कायम कर्जात बुडालेलं आणि कायम याच आशेवर जगणारं. इंग्रजीत अशा स्वभावाच्या माणसाला आजही मिकॉबर म्हणतात. आपल्या प्रत्येक पारावर एक तरी मिकॉबर बसलेला असतोच.

टर्न अप आणि टर्न आऊट

या दोघांत मुलं हमखास गोंधळतात. इथेही ‘निघणे’ कामाला येतं. ‘ही टर्न्ड आऊट टू बी अ थीफ’ म्हणजे ‘तो चोर निघाला’. मागाहून खरं काय ते कळलं. थोडक्यात, वस्तू निघाली तर टर्न अप, माणूस अमुक निघाला तर टर्न आऊट.

लोक जमण्यासाठी दोन्ही वापरतात. ‘ओन्ली ट्वेंटी पीपल टर्न्ड अप फॉर द ग्रामसभा.’ आपल्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे टर्न अप झाले नाहीत तर सभा तहकूब. निवडणुकीच्या दिवशी इंग्रजी बातम्यांत दिसणारा ‘टर्नआऊट’ हा शब्दही याच घरातला: येऊ शकत होते त्यांतले किती आले, म्हणजे मतदानाची टक्केवारी. नागरिकशास्त्राच्या तासाला हे जोडून घेता येतं.

उरलेले दोन अर्थ सोपे आहेत. ‘टर्न अप द व्हॉल्यूम’ म्हणजे आवाज वाढव. इथे जोडी फोडता येते: ‘टर्न इट अप’. आणि विजारीचा काठ वर दुमडणे, तेही टर्न अप. पावसाळ्यात चिखलातून शाळेत येताना सगळे जण ते करतातच.

वर्गात असं करून बघा

दार वाजवण्याचा खेळ: एक मूल वर्गाबाहेर जातं आणि चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे आत येतं. कधी पाहुण्यासारखं ऐटीत, कधी उशीर झाल्यासारखं धापा टाकत, कधी मिठाई घेऊन अचानक. वर्गाने ठरवायचं: अराइव्ह्ड की टर्न्ड अप? आणि का? ‘का’चं उत्तर मराठीत आलं तरी चालेल. आपल्याला समज बघायची आहे.

मराठी आधी: घरी ‘येणे’साठी कोणकोणते शब्द वापरतात ते मुलांनी आजी-आजोबांकडून गोळा करून आणायचे. पोहोचणे, दाखल होणे, येऊन ठेपणे, येऊन धडकणे, टपकणे, उगवणे, अवतरणे… यादी लांबत जाते. मग पाहुणा, पाऊस, पोलीस, जावई आणि परीक्षा यांना कोणता शब्द शोभतो ते ठरवायचं. परीक्षा ‘येऊन ठेपते’, जावई ‘येतात’, पाऊस ‘फिरकत नाही’.

वहीत बदल: शब्दापुढे बरोबरचं चिन्ह काढायचं नाही. त्याऐवजी एक छोटा प्रसंग आणि एक वाक्य लिहायचं. जागा जास्त लागते, पण शब्द विसरत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

“घरात मराठी बोलल्यामुळे लेकराचं इंग्रजी कच्चं राहतं का?” असं बरेच पालक विचारतात. या एका शब्दाचा अनुभव उलटा आहे. ज्या घरात ‘फिरकला नाही’, ‘दत्त म्हणून उभा’, ‘येऊन ठेपली’ असे शब्द रोज कानावर पडतात, त्या घरातल्या मुलाला येण्याचे वेगवेगळे रंग आधीच माहीत असतात. त्याला फक्त इंग्रजी नाव शिकायचं असतं. ज्याच्या कानावर सगळ्यासाठी एकच ‘आला’ पडतं, त्याला रंगही शिकावा लागतो आणि नावही. म्हणून घरी मराठी बोला, भरपूर बोला.

आणि मूल इंग्रजी बोलताना चुकलं तर निदान सगळ्यांसमोर हसू नका. चुकलेलं वाक्य दुरुस्त करता येतं. गप्प झालेल्या मुलाला पुन्हा बोलतं करायला फार दिवस लागतात.

सराव

योग्य क्रियापद निवडा: अराइव्ह, रीच, टर्न अप, टर्न आऊट, कुड नॉट कम.

१. हरवलेली वही शेवटी कपाटामागे निघाली.
२. शिक्षणाधिकारी सकाळी दहा वाजता शाळेत दाखल झाले.
३. आम्ही अंधार पडायच्या आत गावी पोहोचलो.
४. मॅच ठरली होती, पण समोरची टीम फिरकलीच नाही.
५. तिला ताप होता म्हणून येता आलं नाही.
६. नवा मुलगा फारच छान गाणारा निघाला.
७. मामा न कळवता रात्री दारात दत्त म्हणून उभा!

उत्तरं: १. टर्न्ड अप. २. अराइव्ह्ड (ॲट). ३. रीच्ड (पुढे टू नको). ४. डिड नॉट टर्न अप. ५. कुड नॉट कम. ६. टर्न्ड आऊट. ७. टर्न्ड अप.

चौथ्या आणि पाचव्या वाक्यांवर थोडा वेळ थांबा. दोन्हीत कुणीतरी आलेलं नाही. मग शब्द वेगळे का, ते मुलांनाच सांगू द्या.

ती सूत्रसंचालन करणारी मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा माईकवर उभी राहिली. पाहुणे आले तेव्हा ‘हॅज अराइव्ह्ड’ म्हणाली. आणि मी जेवणाच्या पंक्तीत सगळ्यांत शेवटी पोहोचलो, तेव्हा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “सर हॅज टर्न्ड अप!” धडा पक्का झाला होता.

तुमच्या भागात ‘येणे’साठी आणखी कोणते शब्द आहेत, ते वर्गात एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या पाठात.